कोशाच्या खोलीतले यंत्र

आमच्या आंधळगावच्या घरात मागच्या अंगाला एक खोली होती. तिचे दार दिवसा आतून लावलेले असले, म्हणजे खुद्द वडीलही अंगणातच थांबून खाकरत आणि आतून कोणी उत्तर देईपर्यंत पाऊल पुढे टाकत नसत. हा नियम कोणी घालून दिलेला नव्हता. तो कामातूनच आला होता. त्या खोलीत कोशाचा धागा निघे, आणि कोशाचा धागा बायकांच्या उघड्या मांडीवर निघतो.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. जंगलातून आलेले रेशीमकिड्यांचे कोश पापडखाराच्या पाण्यात उकळून मऊ करतात. मग चार-पाच कोशांची टोके डाव्या हाताच्या चिमटीत एकत्र ओढायची, मांडीवर आडवी धरायची आणि उजव्या तळव्याने वळायची. वळलेला धागा लाकडी फिरकीवर गुंडाळायचा आणि पुन्हा ओढायचे. वडील कोशाचे व्यापारी होते. ते कोश आणून देत, खोलीतल्या आठ बायका धागा काढत, आणि तो गावातल्या विणकरांकडे जाई. बायकांची प्रमुख म्हणजे माझी मोठी आई, थोरल्या काकांची बायको. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिच्या मांडीवर तळहाताएवढी जागा पूर्ण बधिर झाली होती. एकदा उकळत्या पाण्याचा थेंब तिथे पडला, तेव्हा तो तिला दिसला, जाणवला नाही. मी बारा-तेरा वर्षांची असेन. त्या दिवसापासून मला त्या खोलीची भीती वाटू लागली, कारण आठवी संपली की मुलींना तिथे बसवण्याची आमच्याकडे पद्धत होती.

मी तिथे बसले नाही. गणितात चांगले गुण मिळत गेले आणि वडिलांनी मला आधी मोहाडीला, मग भंडाऱ्याला शिकू दिले. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन मी भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेत तात्पुरत्या नोकरीवर लागले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रविवारी मी घरी येई आणि खोलीत जाऊन बायकांचे हात पाही. अनेक रविवार पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तळवा पुढे जाताना दाब देतो. मागे येताना मात्र तो केसभर वर उचललेला असतो. तसा तो उचलला नाही, तर दिलेला पीळ सुटतो. बायकांना हे माहीत होते का, असे मी विचारले तेव्हा मोठी आई म्हणाली, "मांडीले माहीत असंल."

यंत्राचा विचार तिथून सुरू झाला. सायकलची ट्यूब उभी चिरून एका तिरप्या फळीवर ताणून बसवली, ती मांडी. तिच्यावर पुढेमागे सरकणारा एक लाकडी रूळ, तो तळवा. जुन्या शिलाई मशीनच्या पॅडलने रूळ हलवायचा, आणि मध्याऐवजी जरा बाजूला भोक पाडलेले एक लहान चाक रुळाला परतीच्या वेळी वर उचलणार. माझा शोध म्हणजे एवढे बाजूला पाडलेले भोक. दिवाळीच्या सुट्टीत मी ते स्वतः करवतीने कापून जुळवले. ते चालताना दर फेरीला 'टक्' असा आवाज होई आणि मागोमाग रबरावरची सर्र अशी घसट. आठव्या प्रयत्नाला धागा न तुटता फिरकीवर चढला. मोठ्या आईने तो दोन बोटांत ताणून पाहिला आणि म्हणाली, "बरा आहे. माह्यासारखा नाही, पण बरा आहे."

पुढे घडले त्याचे मूळ माझ्या महत्त्वाकांक्षेत आहे. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत सहायकांच्या जागा निघणार होत्या. तिच्या अर्जात स्वतःच्या शोधाची किंवा पेटंटची माहिती देण्यासाठी एक रकाना होता. माझ्याजवळ पदव्युत्तर शिक्षण नव्हते, शिफारस नव्हती. तो रकाना भरला तरच माझ्या अर्जाकडे कोणी पाहणार होते. वडिलांशी बोलणे झाले ते दुकानाच्या ओट्यावर. त्यांच्याकडे तेव्हा तुमसरच्या एका राइस मिलवाल्याच्या घरून माझ्या लग्नासाठी निरोप येत होते.

"सरकारी शिक्क्याचा कागद दाखव," ते म्हणाले. "अर्जाचा नंबर आला तरी चालते. मीच तुले मुंबईच्या गाडीत बसवून देतो. पोळ्यापर्यंत मुदत घे. नाही आला, तर मंग मी म्हनतो तिथं मुकाट्यानं हो म्हनायचं."

"आणि आला तर तुम्ही मुकाट्यानं हो म्हणायचं," मी म्हटले.

"म्या कधी मुकाट्यानं काही केलं आहे का?" ते म्हणाले, पण कबूल झाले.

नागपुरात एक वयस्क वकील अशी कामे करीत. त्यांनी माझी आकृती पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली आणि सांगितले, की आधी तात्पुरता अर्ज टाकून द्यावा. पुरा तपशील नंतर बारा महिन्यांच्या आत देता येतो. अर्जाची तारीख पक्की झाली, की त्यानंतर कोणी पाहिले तरी बिघडत नाही. त्याआधी मात्र शोध बाहेरच्या लोकांत वापरला गेला, तर तो नवा राहत नाही. "तोवर कोणालाच दाखवू नका," त्यांनी बजावले. "चाचणी घरातल्या घरात. समजलं?"

मला समजले. मी घरी येऊन खोलीतल्या आठही जणींना समोर बसवून तेच वाक्य सांगितले, कोणालाही दाखवू नका, आणि प्रत्येकीकडून मान हलवून घेतली. पण वकिलांचा पहिला सल्ला मी ऐकला नाही. अर्ज मी लगेच टाकला नाही.

कारण अर्जासोबत एक प्रतिज्ञा होती. आपण या शोधाचे खरे आणि पहिले शोधक आहोत, असे लिहून खाली सही करायची. 'खरी' याबद्दल मला शंका नव्हती. 'पहिली' या शब्दाने मात्र माझी झोप उडवली. प्रयोगशाळेत शिकलेल्या मुलीला न तपासलेल्या विधानाखाली सही करणे जड जाते, असे मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरे कारण साधे होते. मी घाबरले होते. सही केल्यानंतर कोणीतरी जुना कागद फडकावत उभा राहील आणि सगळ्यांसमोर मला खोटी ठरवील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

वकिलांनी मग सांगितले, की शहरातल्या एका जुन्या सरकारी ग्रंथालयात इंग्रजी अमदानीतल्या पेटंट-अर्जांचे छापील तपशील बांधून ठेवलेले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे. दर शनिवारी मी भंडाऱ्याहून एसटीने नागपूरला जाऊ लागले.

ते खंड उघडले, की वाळवीच्या औषधाचा वास येई. प्रत्येक अर्जावर अर्जदाराचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेले असे. मला वाटले होते, शोध लावणारे म्हणजे इंजिनांचे कारखानदार असतील. होते तेही. पण त्यांच्या मागेपुढे स्टेशनमास्तर होते, वकील होते, डाक खात्यातले कारकून होते. एकाने कंदिलाची काच थंड पाण्याच्या शिंतोड्याने तडकू नये म्हणून तिला पत्र्याची टोपी घातली होती. एकाने अडकित्त्याखाली डबी जोडली होती, म्हणजे सुपारीचा तुकडा उडून हरवणार नाही. कोणी मच्छरदाणीचे दांडे छत्रीसारखे मिटवले होते. एका साहेबाने पंखा ओढणारा नोकर डुलकी घेऊ लागताच घंटा वाजावी अशी दोरी योजली होती. त्या नोकराने तिच्यावर काय तोड काढली असेल ते कुठल्या खंडात छापलेले नव्हते. दौत उलटली तरी शाई सांडू नये यासाठी निदान सहा-सात माणसांनी डोके शिणवले होते, आणि प्रत्येकाने आपण पहिले असल्याची प्रतिज्ञा केली होती.

दुसऱ्या कोणाला ते खंड करमणुकीचे वाटले असते. मी मात्र पान उलटताना आधी आकृती हाताने झाकी आणि शीर्षक वाची. 'धागा', 'सूत', 'पीळ', 'रूळ' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द दिसला, की मी थांबे. मग हात हळूहळू खाली सरकवायचा. चाक आहे का? आहे. भोक मध्यावर आहे का? मध्यावर. मग पुढचे पान. शनिवारमागून शनिवार मी अशा रीतीने मेलेल्या माणसांपासून माझे यंत्र राखत बसले. थंडी संपत आली. वकिलांनी दोनदा विचारले, अर्ज टाकायचा का. मी दोनदा म्हटले, अजून थोडे खंड राहिले आहेत.

एका शनिवारी दुपारी हात खाली सरकला आणि भोक मध्यावर नव्हते.

अर्जदार कुठल्याशा पूर्वेकडच्या जिल्ह्यातला तहसील कचेरीतला कारकून होता. त्याचे यंत्र अंबाडीच्या दोऱ्या वळण्याचे होते, माझ्यापेक्षा मोठे आणि हाताने फिरवायचे. पण रूळ होता, तिरपी फळी होती, आणि परतीच्या वेळी रूळ उचलणारे, भोक बाजूला पाडलेले चाक होते. त्याने लिहिले होते, की गावातल्या दोर वळणाऱ्या माणसाचा तळवा परत येताना वर उचललेला असतो हे आपण पाहिले. माझेच निरीक्षण, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, माझ्याहून नेटक्या भाषेत.

मी खंड मिटला. तशीच वकिलांकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले.

"तारीख काय अर्जाची?" त्यांनी विचारले.

मी तारीख पाहिली नव्हती. पदवी घेताना मला प्रयोगवहीसाठी बक्षीस मिळाले होते. आणि मी तारीख पाहिली नव्हती.

"आपल्या कायद्यात एक गंमत आहे," ते म्हणाले. "एकोणीसशे बारा सालच्या एक जानेवारीच्या आधीचा अर्ज असेल, तर त्यात छापलं एवढ्याच कारणानं तुमचा शोध जुना ठरत नाही. त्यानंतरचा असेल तर मात्र फाइल बांधून ठेवा. पाहून या."

ग्रंथालय बंद झाले होते आणि पुढे रविवार होता. नोकरीमुळे आठवडाभर जाता येणार नव्हते. ते सात दिवस कसे गेले ते सांगणे कठीण आहे. प्रयोगशाळेत मुलांना लंबकाचे झोके मोजायला लावून मी मात्र एकच प्रश्न मोजत होते, आधी की नंतर. खंडाच्या पुठ्ठ्याचा रंग आठवून मी त्याचे साल ठरवू पाही आणि रोज वेगळे उत्तर येई. घरी कोणाला काही सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी तारीख पाहिली. ती त्या रेषेच्या काही महिने आधीची होती. कारकुनाचा अर्ज कायद्याच्या हिशेबात धरला जाणार नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. खिडकीपाशी बसून मी त्या माणसाचा तपशील पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला. तो पहिला होता. तरीही मी कायद्याने पहिली होते. ही विसंगती मला दिसत होती आणि मी ती बाजूला सारली, कारण पोळ्याची मुदत डोक्यावर होती.

वकिलांनी कागद तयार केले. सोमवारी नागपूरला जाऊन सही करायची ठरली. एका दाखल्यासाठी त्याआधी मोहाडीच्या तहसील कचेरीत जायचे होते. बाजाराचा दिवस होता. दाखला लवकर मिळाला; बसला वेळ होता म्हणून ऊन चुकवत मी बाजारामागच्या आळीतून निघाले. कागदांची पिशवी मी पोटाशी धरली होती.

आळीच्या मध्यावर मला आवाज आला. टक्. सर्र. टक्. सर्र.

तो आवाज जगात एकाच ठिकाणी असायला हवा होता. मी थांबले. एका कौलारू घराचे दार आतून लावलेले होते आणि आवाज त्याच्या मागून येत होता. मी पुरुष असते तर अंगणात खाकरून परत फिरावे लागले असते. मी कडी वाजवली.

"कोन आहे?"

"मी. आंधळगावची."

दार लगेच उघडले. चाळिशीची एक बाई होती, हात पापडखाराच्या पाण्याने सुरकुतलेले. "या ना ताई," ती म्हणाली, जणू मी येणारच होते. "तुमीच ना त्या? आंधळगावच्या मोठ्या बाईनं सांगतलं होतं, आमची पोरगी कालेजात आहे म्हनून."

आत दोन यंत्रे होती. एका यंत्रावर एक मुलगी बसली होती आणि तिचे लुगडे पायाच्या घोट्यापर्यंत व्यवस्थित होते. फळी तीच, रूळ तोच, चाकाचे भोक त्याच जागी. ट्यूब मात्र नव्हती. तिच्या जागी जुन्या धोतराचा पट्टा, भाताच्या पेजेत बुडवून वाळवून कडक केलेला.

"रबर काहून काढलं?" मी विचारले. माझ्याच तोंडून 'का'च्या जागी 'काहून' निघाला; घाबरले की मी अशी बोलते.

"धाग्याले काळं लागते ना ताई. विणकर परत करते. तुमच्या तिकडं नाही लागत?"

लागत होते. तो दोष मी माझ्या तपशिलात लिहिला नव्हता, कारण त्यावर उपाय मला सापडला नव्हता. मी पिशवी आणखी घट्ट धरली. ती बाई चहा ठेवते म्हणत होती आणि मला तिथून पळून जायचे होते. पळत गेले नाही. चहा घेतला, आणि विचारले, की अशी यंत्रे आणखी कोणाकडे आहेत. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटे संपली.

संध्याकाळी खोलीचे दार लावून मी मोठ्या आईसमोर बसले. बाकीच्या सातजणी हातपाय धूत होत्या.

"मोठी आई, मी काय सांगितलं होतं? कोणालाही दाखवू नका म्हटलं होतं ना?"

"हाव. कोनाले दाखवलं मंग?"

"मोहाडीला दोन यंत्रं आहेत. पवनीला आहेत म्हणते ती बाई."

"पवनीले माह्या बहिनीच्या नणंदेकडं आहे. अवो, तिच्या मांडीले जखम झाली होती. लग्नाले आली तं पाहून गेली, पदराच्या काठानं माप घेऊन गेली. त्याच्यात का झालं?"

"म्हणजे दाखवलंच ना."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू शिकून माझे डोके बिघडले असावे. "कोन्ही नाही पाह्यलं, पोरी. देवाची शपथ घेतो. बाप्या मानूस दाराशी बी आला नाही. तुह्या बापानं नाही पाह्यलं, आनखी कोन पाहीन?"

हळूहळू माझ्या लक्षात येत गेले. 'कोणालाही दाखवू नका' हे वाक्य त्या खोलीत जन्मभर म्हटले जात होते, आणि त्याचा अर्थ तिथे एकच होता. मी तोच हुकूम दिला आणि त्यांनी तो अक्षरशः पाळला. दोन-तीन गावांतल्या बायका आल्या, बसल्या, शिकल्या, मापे घेऊन गेल्या; आणि गुपित शाबूत राहिले.

"पण ती बनवली कोणी? सुताराला कळलंच असेल."

यावर सातही जणी हसल्या. "सुताराले थोडी सांगतलं कायले आहे ते," एक म्हणाली. "फळी बनवली एकानं, चाक बनवलं दुसऱ्यानं. पोराच्या पाळन्याचं आहे म्हनून सांगतलं. तो म्हने, असं वाकडं भोक कायले? मी म्हटलं, आमच्या घरचं पोरगं वाकडंच झुलते."

मलाही हसू आले असते. पण मी तारखा जुळवत होते. मोहाडीची बाई म्हणाली होती, संक्रांतीपासून यंत्र वापरते आहे. संक्रांतीला मी कंदिलाच्या टोप्या आणि अडकित्त्यांच्या डब्या तपासत होते. दिवाळीनंतर लगेच तात्पुरता अर्ज टाकला असता, तर यातले काहीच आड आले नसते.

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. मोठी आई शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "साहेबानं विचारलं तं आमी सांगून देऊ ना, कोन्ही नाही पाह्यलं. अंगठे देऊन देऊ सगळ्याजनी. खोटं थोडी आहे?"

त्या सगळ्या दिवसांत मला सर्वांत जास्त भीती त्या क्षणी वाटली. कारण तिच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. आणि मला ते हवे होते. त्या आठ अंगठ्यांवर माझा अर्ज उभा राहिला असता, त्याला विरोध करायला कोणीही आले नसते, मोहाडीची बाई तर चहा ठेवून मोकळी झाली असती. सोमवारपर्यंत मध्ये एकच दिवस होता.

त्या रविवारी मी वडिलांना निम्मे सांगितले: बाहेरच्या काही बायकांनी यंत्र पाहिले आहे, त्यामुळे अडचण येईल. ते काट्यावर कोश घालत होते.

"बायकाईनं पाह्यलं ते का पाह्यलं होते?" ते म्हणाले. "टाक सही अन् ये."

हे त्यांनी तुच्छतेने म्हटले नाही. धीर द्यायला म्हटले. पण ते वाक्य घेऊन मी बसमध्ये बसले आणि नागपूर येईपर्यंत ते माझ्याबरोबर राहिले. मला शोधक म्हणून मोजावे असा माझा अर्ज होता. तो मंजूर व्हायला मला आधी असे धरावे लागणार होते, की मोहाडीच्या त्या आळीत कोणी माणूसच राहत नाही.

वकिलांनी कागद पुढ्यात ठेवले, पेन उघडून दिले. मी पेन हातात घेतले आणि सांगितले, की सहीच्या आधी एक गोष्ट नोंदवायची आहे. यंत्र संक्रांतीच्या आधीपासून बाहेर वापरात आहे.

"घरातल्याच बायका ना? नातेवाईक?"

"काही नातेवाईक. काही नाहीत."

मग अगदी सावकाश, मला वाट करून देत त्यांनी विचारले, "पुन्हा विचारतो. नीट आठवून सांगा. बाहेरच्या लोकांत कोणी पाहिलं?"

मी आठवले. मोहाडीच्या बाईने मोजलेल्या, मोठ्या आईने सांगितलेल्या, पवनीच्या, आमच्याच गावच्या वरच्या आळीतल्या. मला वेळ लागला, ते थांबले.

"एकेचाळीस जणांनी," मी म्हटले.

"सगळ्या बाया?"

"हो."

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले, टोपण लावले आणि कागदांच्या घड्या घालून माझ्या पिशवीत ठेवले. फी घेतली नाही. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, की त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामात आपणहून आपला अर्ज बुडवणारे माणूस त्यांनी पाहिलेले नाही. आणि हे त्यांनी कौतुकाने म्हटले की कीव करून, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी पोचले तेव्हा वडील दुकान आवरत होते. बसमधून मी वाक्य तयार करून आणले होते, ते एका दमात म्हटले. अर्ज होणार नाही, नंबर येणार नाही, यंत्र आता कोणाचेच नाही. एकेचाळीस बायका ते वापरतात.

त्यांनी हातातले पोते खाली ठेवले. "एकेचाळीस?"

"हो."

"आन् मले कोनी सांगतलं नाही?" कोशाच्या धंद्यात जन्म घालवलेला माणूस मागच्या दाराकडे पाहत राहिला. तिथून टक् आणि सर्र ऐकू येत होते. त्यांनी ते इतके महिने ऐकले होते आणि एकदाही विचारले नव्हते.

मग ते वळले. "ठरलं होतं ते ठरलं होतं," ते म्हणाले. "तुमसरले उद्या निरोप धाडतो."

"पोळ्यापर्यंत मुदत आहे," मी म्हटले. "अजून पाच महिने आहेत."

"अर्ज तं बुडाला."

"हा बुडाला."

त्यांनी दुकानाच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, व्यापारी पाहतो तसे, महिने बोटाने खाली सरकवत. "पाच नाही," ते म्हणाले. "साडेचार." आणि पोते उचलून आत गेले.

मी ओट्यावर बसून राहिले. साडेचार महिन्यांत काय करता येते हे मला ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने मी पिशवीतून माझा तपशील काढला, जिथे रबराची पट्टी असे लिहिले होते तिथे रेघ मारली आणि बाजूला लिहिले: पेजेतला कपडा, मोहाडीच्या बाईकडून. मुंबईच्या संस्थेच्या अर्जातला पेटंटचा रकाना मी त्याच आठवड्यात रिकामा ठेवला, त्याखाली हे सगळे जसे घडले तसे लिहिले, आणि कोणाला न विचारता टपालात टाकले.